गळालेलं फूल फोडून बघा



झाडाखाली प्राजक्ताचा सडा पडला तर आपण कौतुकानं बघत उभे राहतो. डाळिंबाच्या फुलांचा सडा पडला तर मात्र पोटात गोळा येतो. संक्रांतीला सोलापुरात सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा भरते, त्या सुमारास आंबे बहाराच्या बागांचा ताण मोडून पाणी सुरू झालेलं असतं. पुढं महिन्याभरात झाड लाल कळ्यांनी नटतं. मालक बांधावर उभा राहून मनातल्या मनात हिशेब मांडतो, की इतक्या कळ्या, म्हणजे इतकी फळं. आणि मग एके दिवशी सकाळी बघावं तर झाडाखाली लाल सडा. मालक तसाच दुकानात जातो आणि ‘फूलगळ थांबवणारं काहीतरी द्या’ म्हणतो. दुकानदार बाटली देतो. ती कधी लागू पडते, कधी पडत नाही.

का पडत नाही, याचं उत्तर पुष्कळदा बाटलीत नसतं, फुलात असतं. गळालेल्या फुलांत बरीचशी फुलं अशी असतात, की ती झाडावर राहिली असती तरी त्यांचं फळ झालंच नसतं. फळ व्हायला जे लागतं ते त्यांच्या पोटात नव्हतंच. हे ओळखायला प्रयोगशाळा नको, सूक्ष्मदर्शक नको. एक धारदार पातं आणि पाच मिनिटं सवड पुरे. पण आधी फुलाची घडण नीट समजून घेऊ, म्हणजे पात्यानं कापल्यावर काय दिसतंय ते कळेल.

त्यासाठी जास्वंदीचं फूल घ्या. गावठी, एकेरी पाकळीचं घ्या. भरगच्च पाकळ्यांची जास्वंद दिसायला झकास, पण शिकवायला कुचकामी. तिच्यातल्या पुष्कळशा पुंकेसरांच्याच पाकळ्या झालेल्या असतात. एकेरी फूल उताणं धरलं की देठापाशी हिरवी वाटी दिसते. तो निदलपुंज. कळी लहान असताना ह्याच हिरव्या पानांनी तिला पोटात घेऊन सांभाळलेलं असतं. त्याच्या आत पाच रंगीत पाकळ्या, म्हणजे दलपुंज. त्यांचं काम जाहिरातीचं. बाजारात लांबून दिसावा म्हणून दुकानावर फलक लावतात ना, तसंच. फळ होण्यात पाकळीचा प्रत्यक्ष हात काही नाही. म्हणून पाकळ्या गळाल्या म्हणजे फूल वाया गेलं असं समजू नये.

खरा कारभार आतल्या दोन मंडलांचा. जास्वंदीच्या मधोमध जी लांब दांडी बाहेर येते, तिच्या अंगावर पिवळे बारीक ठिपके असतात. बोट लावलं की पिवळी पूड लागते. ते ठिपके परागकोश आणि ती पूड म्हणजे पराग. परागकोश आणि त्याचा दोरा मिळून झाला पुंकेसर, आणि सगळे पुंकेसर मिळून पुमंग, म्हणजे फुलातला नराचा भाग. जास्वंदीत ह्या दोऱ्यांची एक नळीच झालेली असते. त्या नळीच्या पोटातून आणखी एक बारीक दोरा वर येतो आणि टोकाला त्याच्या पाच मखमली लाल गाठी होतात. त्या कुक्षी. तो दोरा म्हणजे कुक्षीवृंत. दोरा धरून खाली खाली गेलं की पाकळ्यांच्या बुडाशी एक छोटी हिरवी गाठ सापडते. तो अंडाशय. कुक्षी, कुक्षीवृंत आणि अंडाशय मिळून जायांग, म्हणजे मादीचा भाग. अंडाशय आडवा कापला तर आत पाच कप्पे आणि कप्प्यांत बारीक पांढरे कण दिसतात. ती बीजांडं.

पुढं अंडाशयाचं फळ होतं आणि बीजांडाचं बी होतं. फुलाचं सगळं गणित ह्या एका ओळीत आलं. ज्या फुलात अंडाशय नाही त्याचं फळ नाही.

इथं गुरुजींना एक गंमत सुचवतो. वांगं आणि डाळिंब शेजारी शेजारी ठेवून मुलांना विचारा, की फुलाची हिरवी वाटी फळावर कुठं राहिली? वांग्याच्या देठाशी जी काटेरी टोपी असते ती निदलपुंजाची. म्हणजे वांग्याचा अंडाशय वाटीच्या वर, फुलाच्या आत बसलेला होता. डाळिंबाच्या डोक्यावरचा मुकुट हासुद्धा निदलपुंजच, पण तो देठाच्या उलट टोकाला. म्हणजे डाळिंबाचा अंडाशय फुलाच्या बाकी भागांच्या खाली बसलेला होता. मुकुटात डोकावून बघितलं तर वाळलेले पुंकेसरही सापडतात. फळ बघून फुलाचा इतिहास सांगता येतो, तो असा.

आता डाळिंबाकडं वळू. सोलापूर जिल्ह्याला ह्या फळाचं कौतुक सांगायला नको. सांगोल्याच्या माळावर, जिथं पूर्वी कुसळं उगवायची, तिथं डाळिंबानं घरं उभी केली. २००५ साली केंद्र सरकारचं राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र सोलापुरातच, केगावला निघालं, आणि २०१६ साली ‘सोलापूर डाळिंब’ ह्या नावाला भौगोलिक मानांकन मिळालं. इतकं असूनही एकाच झाडावर दोन जातींची फुलं येतात, हे अजून पुष्कळ बागांतून नीट पाहिलं जात नाही.

एक फूल घागरीच्या घाटाचं असतं. बुडाशी फुगीर, मध्ये किंचित आवळलेलं, वर तोंड उघडं. हे द्विलिंगी फूल. ते उभं चिरलं तर खालच्या फुगीर भागात बीजांडांनी भरलेला अंडाशय दिसतो, आणि कुक्षी शेकडो पुंकेसरांच्या बरोबरीला किंवा त्यांच्याही वर डोकं काढून उभी असते. दुसरं फूल घंटेच्या घाटाचं. त्याचं बूड निमुळतं, देठाकडं बारीक होत गेलेलं. हे चिरलं तर पुंकेसर भरपूर, पण मधला दोरा आखूड, खाली दबून राहिलेला. अंडाशय नावापुरता, खुरटलेला. हे नर फूल. ह्या दोहोंच्या अधलेमधले नमुनेही सापडतात. त्यांतलं एखादं फळ धरतंही, पण बहुधा टिकत नाही, टिकलं तर वेडंवाकडं किंवा लहान राहतं.

नर फूल उमललं, त्यानं आपला पराग दिला, की त्याचं काम संपलं. काही दिवसांत ते वाटीसकट गळून पडतं. त्याला कोणी ‘वांझ फूल’ म्हणतात. हा शब्द मला आवडत नाही. माणसांत तो बाईला लावून आपण पुष्कळ अन्याय केलेला आहे, तो फुलाला कशाला लावायचा? शिवाय ते खरंही नाही. ते फूल नापीक नसून बापाच्या जागी असतं. अंडाशय आणि फळ पोसायला झाडाला फार खर्च येतो, त्या मानानं नुसता पराग करणं स्वस्त. तेव्हा झाड थोडी फुलं खर्चिक करतं आणि पुष्कळ फुलं स्वस्तातली करतं. माशांना ती बोलावतात, पराग पुरवतात आणि जातात. झाडाचा हा हिशेब आपल्या हिशेबापेक्षा जुना आहे.

मात्र घागरीची किती आणि घंटेची किती, हे प्रमाण सगळीकडं, सगळ्या बहारांत सारखं नसतं. ते वाणावर, हवेवर आणि झाडाच्या अंगातल्या ताकदीवर बदलतं. फुलांच्या झुबक्यात टोकाचं फूल बहुधा द्विलिंगी निघतं आणि बाजूची बहुधा नर निघतात. फूल जितकं थोर आणि बूड जितकं भरलेलं, तितकी त्यातली बीजांडं जास्त आणि फळाची आशाही जास्त. ही ठेवण कळी लहान असतानाच ठरलेली असते. म्हणून सांगतो, घंटेच्या घाटाचं फूल उमलल्यावर वरून काहीही फवारलं तरी त्याला नवा अंडाशय फुटत नाही. झाडाला बळ द्यायचं ते आधी, मागल्या फळांच्या तोडणीनंतरच्या विश्रांतीत. खत, पाणी आणि पाला यांची काळजी तेव्हाची. सड्यात नर फुलांचाच भरणा असेल तर तिथं पैसे ओतू नयेत.

पण उलटही लक्षात ठेवा. झाडाखालची दहा-वीस फुलं उचलून चिरली आणि त्यांत घागरीची फुलं जास्त निघाली, तर ती खरी गळ. तिची कारणं मग शोधलीच पाहिजेत. पाण्याची ओढाताण झाली का, हवा एकदम तापली का, फुलकिडे पडले का, रोग शिरला का, आणि सर्वांत शेवटी विचारला जाणारा पण सर्वांत आधी विचारायला हवा असा प्रश्न: बागेत माशी होती का?

माशी कशाला लागते, ते आता बघू. परागाचा कण कुक्षीवर पडला म्हणजे काम झालं असं नाही, काम सुरू झालं. ओल्या कुक्षीवर तो कण रुजतो. त्यातून केसाहून बारीक नळी निघते. ती कुक्षीवृंतातून खाली उतरत उतरत अंडाशयात जाते आणि एका बीजांडाशी पोचते. एक नळी, एक बीजांड. डाळिंबाचा एकेक दाणा म्हणजे एकेक बी असते. आपण खातो तो रस त्या बियांच्या बाहेरच्या सालीत भरलेला असतो. तेव्हा फळात जितके दाणे भरले, तितके परागकण निदान त्या फुलापर्यंत पोचले आणि तितक्या नळ्या खाली उतरल्या, असा त्याचा अर्थ. एका फळात कित्येक शेकडा दाणे असतात! डाळिंबाला स्वतःच्या झाडाचा पराग चालतो, पण तो कुक्षीवर भरपूर पडायला माशांची ये-जा लागते. पराग अगदीच थोडा पडला तर फूल गळतं, किंवा फळ धरलं तरी दाणे कमी भरतात.

झाडाला नर-मादी असते हे माणसाला खजुराच्या बागांतून फार पूर्वीपासून ठाऊक होतं. पण ते प्रयोगानं दाखवून शास्त्रात मांडलं जर्मनीतल्या कामेरारियस नावाच्या वैद्यानं, १६९४ साली. परागाविना धरलेल्या फळांत रुजणारं बी होत नाही, हे त्यानं तुतीसारख्या झाडांवरून दाखवलं. त्यानंतर दोनशे वर्षांनी, १८९८ साली, नवाशिन ह्या रशियन शास्त्रज्ञाला कीव्ह शहरात आणखी एक गोष्ट दिसली. तिचा आपल्या ताटाशी सरळ संबंध आहे, म्हणून सांगतो. परागनळी बीजांडात शिरते तेव्हा ती दोन नरपेशी घेऊन जाते. एक पेशी अंडपेशीला मिळते आणि त्यातून गर्भ, म्हणजे उद्याचं रोप तयार होतं. दुसरी पेशी बीजांडातल्याच दुसऱ्या ठिकाणी मिळते आणि तिच्यातून त्या गर्भाचा शिधा तयार होतो. त्याला भ्रूणपोष म्हणतात. ज्वारीचा हुरडा खाताना दाताखाली जे दुधाळ गोड लागतं, ते ह्या शिध्याचं भरत आलेलं रूप. पुढं तेच कडक होतं आणि जात्यातून पीठ होऊन पडतं. मंगळवेढ्याच्या मालदांडीची भाकर ही अशी फुलातल्या दुसऱ्या मीलनाची कमाई आहे.

ज्वारीला फूल असतं का, असा प्रश्न शाळेत मुलं विचारतात. असतं तर! पाकळ्या नाहीत एवढंच. कणसाच्या फांदीवर नीट बघितलं तर कणिसकं जोडीजोडीनं बसलेली दिसतात. एक बिनदेठाचं, बसकं. दुसरं देठावर उभं. बसक्यात दाणा भरतो. देठावरचं नर असतं किंवा रिकामंच राहतं. फुलोरा शेंड्याकडून खाली उतरत जातो आणि आठवडाभर चालतो. फुलं उमलतात मध्यरात्रीनंतर, पहाटेपर्यंत, म्हणून उन्हात शेतावर जाणाऱ्याला लोंबलेले परागकोश तेवढे दिसतात. ज्वारीत बहुतेक दाणे स्वतःच्याच परागावर धरतात, थोडेच परक्या परागावर. म्हणून मोहोळला निवडलेली ‘मालदांडी ३५-१’ कित्येक पिढ्या शेतकऱ्यांनी घरच्या बियाण्यावर टिकवली. पण ‘थोडेच’ म्हणजे मुळीच नाही असं नव्हे. बियाण्याची कणसं शेताच्या कडेची घेऊ नका, मधली घ्या, असं जुनी माणसं सांगत, त्यात तथ्य आहे. उलट १९६४ साली ‘सीएसएच-१’ हा पहिला संकरित ज्वारीचा वाण आला, तो मुद्दाम पराग न देणाऱ्या ज्वारीला दुसऱ्या ज्वारीचा पराग मिळवून देऊनच. असं बी दरवर्षी नवं घ्यावं लागतं, कारण पुढच्या पिढीत त्याची मोड होते.

बाजरी ज्वारीची बहीण दिसते खरी, पण वागते निराळी. तिच्या कणसावर आधी कुक्षींचे पांढरे केस बाहेर पडतात आणि पुंकेसर मागाहून येतात. त्यामुळं स्वतःचा पराग स्वतःला क्वचितच लागतो. वाऱ्यावर शेजारच्या कणसाचा येतो. फुलोऱ्यात झड लागली तर पराग धुपून जातो, कुक्षी वाट बघत उघड्या राहतात आणि त्याच वाटेनं अरगटाचा रोग आत शिरतो.

याच्या अगदी उलट टोकाला हरभरा. त्याचं जांभळं फूल उमलण्याआधीच मिटल्या घरात सगळं उरकलेलं असतं. भुईमुगाचंही बहुतांशी तसंच. मात्र भुईमूग पुढं जे करतो ते नवलाचं. सकाळी पिवळं फूल दिसतं, दुपारी मान टाकतं, आणि मग त्याच्या बुडातून आरी सुटते, ती जमिनीत घुसते आणि तिच्या टोकाला शेंग धरते. आऱ्या सुटायच्या वेळेला जमीन भुसभुशीत पाहिजे, हे कोणत्या शेतकऱ्याला सांगावं लागतं? पण ती आरी म्हणजे अंडाशयाला घेऊन निघालेला देठ आहे, मूळ नव्हे, हे मुलांना दाखवलं पाहिजे. तूर मधली. कळीतच पराग पडतो, तरी भुंगे-माश्या पाकळ्या दाबून आत शिरतात आणि थोडाबहुत संकर करून जातात. दोन वाणांच्या तुरी जवळजवळ पेरल्या तर बियाण्यात भेसळ होते ती अशी.

परसातल्या वेलांवर नर फूल वेगळं, मादी फूल वेगळं, पण वेल एकच. भोपळा, दोडका, काकडी, कारलं ही सगळी एका कुळातली. नर फुलाला नुसता बारीक देठ. मादी फुलाच्या मागं चिमुकलं फळ आधीच बसलेलं. वेलावर आधी नुसती नर फुलं येत राहतात, तेव्हा ‘वेल माजला’ म्हणून उपटू नये, थोडा धीर धरावा. भोपळ्याचं फूल पहाटे उमलून दुपारच्या आत मिटतं, दोडक्याचं संध्याकाळी उमलतं. मादी फुलामागचं इवलं फळ पिवळं पडून गळत असेल तर बहुधा त्याला पराग मिळालेला नसतो. सकाळी एखादं ताजं नर फूल तोडून, पाकळ्या काढून, मादीच्या कुक्षीवर हलकेच टेकवावं. घरच्या दोन वेलांना एवढं पुरतं.

पपई आणि कर्टुली यांच्यात मात्र झाडंच वेगळी. कर्टुल्याचा वेल पावसाळ्यात माळावर, कुंपणाला चढतो. त्याचे कंदच नराचे निराळे आणि मादीचे निराळे. शेतात लावायचे तर दोन्ही पाहिजेत, दहा माद्यांना एखादा नर पुरतो. पपईत नराच्या झाडाला लांब लोंबते फुलांचे घोस येतात. मादीचं फूल थोर, देठ आखूड, खोडाला चिकटून. शिवाय तिसरा प्रकार द्विलिंगी फुलांचा. हल्लीच्या काही वाणांत मादी आणि द्विलिंगी अशीच झाडं निघतात, नर निघत नाही. जुन्या, नर-मादी वेगळ्या वाणांत खड्ड्यात दोन-तीन रोपं लावून फूल दिसल्यावर निवड करायची असते. फळ न देणाऱ्या पपईच्या बुंध्यात खिळा ठोकायला कोणी सांगतात. फूल बघावं म्हणजे खिळ्याची गरज राहणार नाही.

सीताफळात नर-मादी एकाच फुलात आहेत, पण वेळा जुळत नाहीत. हिरवट, जाड पाकळ्यांचं ते खाली मान घातलेलं फूल किलकिलं होतं तेव्हा मादीचा भाग तयार असतो आणि पराग सुटलेला नसतो. पराग सुटतो तेव्हा कुक्षी सुकलेली असते. बारीक भुंगेरे एका फुलातून दुसऱ्यात जातात तेवढ्यावर काम चालतं. सीताफळाचा एकेक डोळा हा एकेक स्वतंत्र अंडाशय. ज्याला पराग मिळाला तो फुगला, ज्याला नाही तो बसला. बाजारात एका अंगानं दबलेलं सीताफळ दिसलं की समजावं, त्या बाजूला भुंगेरा पोचला नव्हता. उन्हाळ्याच्या कोरड्या झळांत फुलं गळतात आणि पहिल्या पावसानंतर हवा दमट झाली की धरू लागतात, त्यातलं एक कारण कुक्षीची ओल हेच.

केळीची गोष्ट पुन्हा निराळी. करमाळा-माढ्याकडं उजनीच्या पाण्यावर केळी पिकते, तिच्या घडाखाली लोंबणारं केळफूल हे नर फुलांचं. वरच्या फण्या मादी फुलांच्या. त्यांना परागाची गरजच नाही, बिनबियांचं फळ आपोआप फुगतं. म्हणून केळफुलाची भाजी खुशाल करावी, घडाचं काही बिघडत नाही.

आता माशीचा मुद्दा पुरा करतो, कारण पैसा तिथं अडतो. सूर्यफुलाचं एक फूल म्हणजे फूल नव्हे, शेकडो फुलांची पंगत आहे. कडेची पिवळी पानं ती वांझोटी, शोभेची… बघा, शब्द तोंडात बसला की असा येतो. कडेची फुलं बी न धरणारी म्हणू. मधल्या प्रत्येक बारीक फुलाचा एक दाणा होतो आणि उमलण्याचा क्रम बाहेरून आत असतो. माशी कमी असली की दाणे पोचट निघतात. म्हणून फुलोऱ्यात सकाळी आठ ते अकराच्या दरम्यान, दिवसाआड, हाताला तलम फडकं गुंडाळून तबकावरून हलकेच फिरवावं, असं कृषी खातं सांगत आलं आहे. कांद्याच्या बियाण्याचंही तेच. डेंगळ्याच्या टोकाच्या गोंड्यात शेकडो फुलं. प्रत्येक फूल आधी पराग सोडतं, आणि त्याची स्वतःची कुक्षी तयार होते दोन-तीन दिवसांनी. म्हणजे परागाची ने-आण करणारा कोणीतरी पाहिजेच. तो कोणी म्हणजे सातेरी, फुलोरी, आग्या ह्या माश्या. एरवी कांद्याचा गोंडा हिरवागार दिसतो आणि मळणीत बी मूठभर निघतं.

फुलोऱ्यात कीटकनाशक मारायची पाळी आलीच, तर माहितगाराला विचारून, सौम्य औषध निवडून, माश्या परतल्यावर, संध्याकाळी उशिरा मारावं. सकाळी फुलांवर मारलेलं विष किडीआधी माशीला लागतं. बांधावरचं आग्याचं मोहोळ धूर करून, जाळून मध काढणारे लोक असतात. त्यांना आपल्या शेतात अडवावं. मध गेला तर शेरभर जातो, माशी गेली तर बहार जातो.

शिक्षकांसाठी दोन सोप्या गोष्टी. बी उन्हाळ्यात, शाळा सुटायच्या आधी करण्यासारखी एक: गावातल्या डाळिंबाच्या बागेतून, मालकाला विचारून, झाडाखाली पडलेली शंभर फुलं मुलांना वेचायला लावा. पातं मात्र गुरुजींनीच हातात धरावं. प्रत्येक फूल उभं चिरून दोन ढीग करा, घागरीचा आणि घंटेचा, आणि आकडा फळ्यावर लिहून मालकालाही कळवा. त्याच्या औषधाच्या पैशाचा निकाल त्या आकड्यावर लागू शकतो. दुसरी पावसाळ्यातली: शाळेच्या कुंपणावर भोपळ्याचा वेल चढवा. उद्या उमलणाऱ्या चार मादी कळ्यांवर आज संध्याकाळी कागदाच्या पिशव्या बांधा. सकाळी दोन उघडून नर फूल टेकवा आणि पुन्हा बांधा. दोन तशाच बंद ठेवा. आठवड्यानं पिशव्या सोडा. कामेरारियसनं जे जगाला सांगितलं ते मुलं स्वतःच्या डोळ्यांनी बघतील.

आणि उंबर राहिलं. फार दिवसांनी कोणी भेटला की आपण त्याला ‘उंबराचं फूल’ म्हणतो, कारण ते कोणाला दिसत नाही. पण कोवळं उंबर फोडून बघा. आत भिंतीला चिकटून शेकडो बारीक फुलं असतात. आपण ज्याला फळ म्हणतो ती त्या फुलांची बंद खोली. वरच्या डोळ्यासारख्या भोकातून एक इवलीशी गांधीलमाशीच्या जातीची मादी आत घुसते, घुसताना बहुधा पंख मोडून घेते. बरोबर आणलेला पराग ती मादी फुलांना देते, काही फुलांत अंडी घालते आणि तिथंच मरते. तिच्या पिल्लांतले नर बिनपंखाचे. ते आतल्या आत माद्यांशी मीलन करून भिंतीला भोक पाडतात, आणि नव्या माद्या, तोवर पिकलेल्या नर फुलांचा पराग घेऊन, दुसऱ्या उंबराकडं उडतात. पिकलं उंबर फोडल्यावर जी चिलटं उडतात त्यांतली पुष्कळशी हीच. तेव्हा वर्गात उंबर फोडायचं ते खिडकीशी उभं राहून फोडा.